भंगार कोणाला म्हणता?

मंडळी, संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला. गोड बोलण्याची मुदत रथसप्तमीपर्यंत असते, ती संपली. आता थोडं कडू बोलतो. ज्याला लागेल त्यानं माफ करावं, पण आधी पूर्ण वाचावं आणि मग माफ करावं.

मंडळाच्या संक्रांतीच्या स्नेहमीलनात एका ज्येष्ठ काकांनी चार लोकांसमोर मला विचारलं, "काय हो, आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर तेवीस हजार घातलेत म्हणे? आणि तेही पोरीला गेम खेळायला?" शेजारचे दुसरे म्हणाले, "भंगारात पैसे घालायची आपल्या लोकांना सवयच आहे." पुण्याहून आलेला माझा मेहुणा तिथेच होता. तो हसत म्हणाला, "दाजी, तेवढ्यात नव्याचं डाउन पेमेंट झालं असतं की!" सगळे हसले. मीही हसलो. हातात खिचडीची प्लेट होती, समोर वडीलधारे होते, काय बोलणार?

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच का नाही बोललात? सगळा हिशेब तर तुम्हाला पाठ आहे."

म्हणून हे लिहितोय. काका, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण हिशेबाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. तीस वर्षं एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्यात.

आधी आमच्या घरातला हा कॉम्प्युटर कोणता ते सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये मॉनिटरसकट ५५ हजारांना घेतला होता. लेक तेव्हा अकरा वर्षांची. आत रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क. घेताना मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, "अभ्यासासाठी घेतोय." त्यावर अभ्यास झाला, माझं टॅली झालं, कोरोनात ऑनलाइन वर्ग झाले, आणि गेमही झाले. पहिली पाच-सहा वर्षं कोणाची तक्रार नव्हती.

मग तो रेंगाळायला लागला. सुरू व्हायला अडीच-तीन मिनिटं. गेममध्ये रस्त्यावर गर्दी आली की चित्र अडकत अडकत चालायचं. आणि इथे माझी चूक आधी कबूल करतो, म्हणजे मग दुसऱ्यांच्या चुका काढायला मोकळा. २०२३च्या दिवाळीत मी लेकीला न विचारता "अपग्रेड" करून आणलं. दुकानदार म्हणाला, "भिया, गेमिंग का मजा तो लुक में है." मी ६,५०० रुपये देऊन काचेचं कॅबिनेट आणलं. चार पंखे, सात रंगांचे दिवे. आतलं सगळं जसंच्या तसं. म्हणजे खटारा स्कूटर तशीच ठेवून तिला नवीन सीटकव्हर आणि झालर लावावी तसं. लेक म्हणाली, "छान दिसतंय, बाबा." दुसऱ्या दिवशी गेम तसाच अडकत होता आणि दिवे मात्र झकास लुकलुकत होते. ती एक शब्द बोलली नाही. त्याचं मला जास्त लागलं.

आता मुख्य गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित सपोर्ट संपलं. म्हणजे कॉम्प्युटर चालायचा बंद होत नाही, पण सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सोय आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. आमचा रायझन ५ १६०० त्या यादीत नाही. त्या आठवड्यात दिवाळीही होती. दुकानांना दुसरं काय पाहिजे? शहरातल्या एका दुकानात गेलो. त्यानं पेटी उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "ये तो अब डेड है, भिया. ग्यारह चलेगा नहीं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सब जाएगा. पूरा सिस्टम बदल दो." आणि ९२ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. १२ हजार आत्ता, बाकीचे ८० हजार बारा हप्त्यांत, "नो कॉस्ट ईएमआय". आधार आणि पॅन मागितलं. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, मी पाकीट उघडलं होतं.

हिशेबाच्या सवयीनं एक प्रश्न तोंडून निघाला, "रोखीत किती?" तो म्हणाला, "रोखीत ८७,५००." म्हणजे "नो कॉस्ट"चा कॉस्ट ४,५०० रुपये. व्याज गेलं कुठेच नव्हतं, किमतीतच बसवलं होतं. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी. माझा पगार किती ते या समूहातल्या बऱ्याच जणांना अंदाजानं माहीत आहे. वर्षभर महिन्याला ६,६६७ रुपये म्हणजे आमच्या घरी वर्षभर रात्री हिशेब लागणार नाही. मेच्या लग्नसराईत भाचीचं लग्न आहे, तिथला आहेर वेगळाच. मी पाकीट बंद केलं आणि घरी आलो.

घरी लेकीनं चौकटीच्या वहीचं एक पान पुढे ठेवलं. तिनं ते आठवड्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं, मी विचारेन याची वाट बघत. दोन रकाने. डावीकडे "काय अडतंय", उजवीकडे "कशामुळे". खाली लिहिलं होतं: "माझे १०,०००. बाबांना जमेल तेवढे." ते दहा हजार तिनं साड्यांच्या एका व्यापाऱ्याला ब्लेंडरवर चित्रं करून देऊन साठवले होते. याच रेंगाळणाऱ्या पेटीवर, एक एक चित्र रात्रभर रेंडर करत.

माझे वडील इथल्या कापड गिरणीत फिटर होते. मशीन बंद पडलं की नवीन पोरं लगेच पाना घेऊन धावायची. वडील म्हणायचे, "आधी ऐक, मग उघड." कुठला आवाज कुठून येतोय ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही. लेकीनं नेमकं तेच केलं होतं, आजोबा तिला नीट आठवतही नाहीत तरी. तिनं गेम चालू ठेवून आकडे बघितले होते. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के दमलेलं, त्याची ४ जीबी मेमरी गच्च. रॅम ८ पैकी साडेसातच्या वर भरलेली. सुरू होताना हार्ड डिस्क १०० टक्के गुंतलेली. प्रोसेसर एरवी ठीक, फक्त गर्दीच्या दृश्यात धापा टाकणारा. आणि मॉनिटर? साधा १०८० पीचा, ६० हर्ट्झचा. म्हणजे तो सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकतो. आत दोनशे तयार झाली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोचणार.

आता सांगा काका, त्या ९२ हजारांच्या कोटेशनमध्ये नवीन मॉनिटर नव्हताच. म्हणजे मी कर्ज काढून जी ताकद विकत घेणार होतो तिच्यातली बरीचशी माझ्या घरच्या पडद्यावर दिसणारच नव्हती. घरात अर्ध्या इंचाचा नळ ठेवून गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी बसवण्यासारखं आहे हे.

पहिली कामं फुकटातली केली. पेटी गच्चीवर नेऊन ब्रशनं धूळ काढली. काढली म्हणजे अक्षरशः तळहातभर लोकरीसारखी निघाली. मग बायोसमध्ये बघितलं तर ३००० छापलेली रॅमची पट्टी आठ वर्षं २१३३ वर चालत होती. एक सेटिंग चालू करायचं असतं, ते बसवणाऱ्यानं केलंच नव्हतं आणि आम्ही कधी बघितलंच नव्हतं. एवढ्यानंच थोडा फरक पडला.

मग बोर्डाचा प्रश्न. "नवा प्रोसेसर बसणार नाही" हे जे छातीठोक सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. आमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा. या सॉकेटवर २०१७चा रायझन बसतो आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० सुद्धा. जुन्या बी३५० बोर्डांना त्याची परवानगी २०२२ मध्ये मिळाली, फक्त बायोस अपडेट करावं लागतं. लेकीनं बोर्डाचं नाव आणि आवृत्ती वाचून बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत शोधलं. ५६०० तिथे होता. तोच प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतही आहे आणि टीपीएम त्याच्यातच असतं, बायोसमधून फक्त चालू करायचं. म्हणजे एका वस्तूनं दोन्ही गाठी सुटणार होत्या. जे "डेड" होतं ते एका अपडेटच्या अंतरावर होतं.

मी बजेट २५ हजारांचं बांधलं. पंधरा माझे, दहा तिचे. आता खर्च ऐका, पैशापैशाचा.

एसएमपीएस, ५५० वॅटचा, नवीन, चांगल्या कंपनीचा: ३,९००. हा सगळ्यात आधी. जुना ४५० वॅटचा लोकल होता, लेबलवर आकडा मोठा आणि हातात घेतला तर वजन बिस्किटाच्या डब्याएवढं. जो भाग सगळ्यांना वीज देतो तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

एसएसडी, ५०० जीबी, नवीन: ३,२००. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि टॅलीच्या बॅकअपसाठी तशीच ठेवली.

रॅम, ८ जीबीची आणखी एक पट्टी, जुनीच्या जोडीची, वापरलेली: १,५००. एका पट्टीच्या जागी दोन लावल्या की जागाही दुप्पट आणि रस्ताही दुप्पट रुंद.

प्रोसेसर, रायझन ५ ५६००, वापरलेला: ७,५००. सिल्व्हर मॉलमधल्या एका रिपेअरवाल्याकडून, सात दिवसांत बदलून देण्याच्या बोलीवर. याच्या पोटाला १,३३१ बारीक पिना असतात. एकही वाकलेली चालत नाही. लेकीनं मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून ओळ न् ओळ तपासली. तो गृहस्थ वैतागला नाही, उलट म्हणाला, "बिटिया को काम आता है."

ग्राफिक्स कार्ड, आरएक्स ६६००, ८ जीबी, वापरलेलं: १२,५००. याच्यासाठी विजय नगरात एका विद्यार्थ्याच्या खोलीवर गेलो. तो शिक्षण संपवून गावी परत निघाला होता. त्याच्याच मशीनवर अर्धा तास जड गेम चालवून बघितला. तापमान किती जातंय, पंखा खरखरतोय का, पडद्यावर ठिपके येतायत का, आणि कार्डाची खरी ओळख सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव तेच दिसतंय का, हे सगळं. कारण बाजारात जुन्या कार्डाला नवं नाव चिकटवून विकणारेही आहेत. मूळ बिल मागितलं, त्यानं दिलं. अर्धा तास झाल्यावरच पैसे काढले.

थर्मल पेस्ट: ३००.

एकूण २८,९००. जमेच्या बाजूला: जुनं ग्राफिक्स कार्ड ३,४०० ला विकलं, जुना प्रोसेसर २,२०० ला. निव्वळ खर्च २३,३००. उरलेल्या १,७०० मधून लेकीनं हिवाळी सेलमध्ये एक गेम घेतला आणि बाकीचे मला परत दिले. मी घेतले. हिशेब म्हणजे हिशेब.

बसवायची रात्र मात्र विसरणार नाही. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच भंगार होऊ शकतो. आमच्याकडे वीज तशी जात नाही, पण त्याच दहा मिनिटांत जाणार नाही याची हमी कोण देणार? पेढीवरून यूपीएस मागून आणला. अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करायचं, आणि आमच्या बोर्डाला ते दोन टप्प्यांत करावं लागलं, मधली आवृत्ती आधी. पडद्यावर टक्के सरकत होते आणि आम्ही तिघं जण एखाद्या ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे गप्प. बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात तुम्ही इतके घाबरला नव्हतात." खरं होतं.

मग कूलर काढायचा. जुनी पेस्ट वाळलेली असते. झटक्यानं ओढलं तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून वर येतो. म्हणून आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम केलं, बंद करून प्लग काढला आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. हे सगळं लेकीनं केलं. मी फक्त स्क्रू ठेवायला वाटी धरून उभा होतो.

आता तो बटण दाबल्यापासून वीसएक सेकंदांत सुरू होतो. विंडोज ११ रीतसर चालतं. सायबरपंक २०७७ हा जो गेम आधी पंचवीसवर अडखळत होता, तो मध्यम सेटिंगवर साठ देतो. मॉनिटरला तेवढंच दाखवता येतं आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. जे रेंडर रात्रभर चालायचं ते जेवण होईपर्यंत संपतं. टॅलीसुद्धा पळतं, ते माझ्या वाट्याचं.

आता आक्षेपांकडे येतो, कारण स्नेहमीलनात तेच राहून गेलं.

पहिला आक्षेप: "नवं ते नवंच." बरोबर आहे, नवं चांगलं असतं. पण प्रश्न नव्या-जुन्याचा नव्हता. प्रश्न होता की माझ्या घरी काय अडतंय आणि ते सोडवायला किती लागतं. ९२ हजारांच्या कोटेशनला हे दोन्ही प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. आजारी माणसाला न तपासता "बदलून टाका" सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाऊ का?

दुसरा: "वापरलेल्या मालाला वॉरंटी नाही." मान्य. म्हणूनच ज्या दोन वस्तूंत धोका जास्त, त्या एसएमपीएस आणि एसएसडी नव्याच घेतल्या. उद्या कार्ड गेलं तर माझे १२,५०० बुडतील, हे मला माहीत आहे. ते वाईटच. पण बुडाले तरी डोक्यावर हप्ता नसेल. आणि एक विचारतो. आपल्यापैकी किती जणांनी पहिली स्कूटर सेकंडहँड घेतली होती? तेव्हा मेकॅनिकला सोबत नेऊन इंजिनाचा आवाज ऐकून घेतली, आणि दहा-दहा वर्षं चालवली. तेव्हा त्याला शहाणपण म्हणत होतो. आता त्यालाच भंगार म्हणतो.

तिसरा, आणि हाच मला खरा लागला: "तेही पोरीला गेम खेळायला." इथे मी दोन उत्तरं देऊ शकलो असतो. एक, ती त्यावर काम करून कमावते. दोन, गेम हा आता मोठा धंदा आहे, 'राजी' नावाचा गेम आपल्या पुण्यातल्याच एका छोट्या चमूनं केला आणि तो २०२० मध्ये जगभर विकला गेला. दोन्ही खरं आहे. पण मी या उत्तरांच्या आड लपणार नाही. मुख्य खर्च खेळण्यासाठीच केला. ती दिवसभर कॉलेज करते, संध्याकाळी काम करते, रात्री दीड तास मैत्रिणींशी बोलत खेळते. तिच्या मैत्रिणी एक बडोद्याला, एक बेळगावला, एक इथेच सुदामा नगरात. तो तिचा कट्टा आहे. काका, तुमच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी क्रिकेटचं पूर्ण किट घेतलंत, अकॅडमीची फी भरता, आणि भरावीच. त्याला कोणी विचारलं का, "पोराला खेळायला?" तो खेळ आणि हा टाइमपास, असं का? मैदानावर घाम येतो म्हणून, की तो मुलगा आहे म्हणून? मनाशीच उत्तर द्या, मला सांगू नका.

आणि आपण सगळ्यांनी एक खोटं बोलणं बंद करावं. "अभ्यासासाठी कॉम्प्युटर" हे २०१७ मध्ये मीही बोललो. त्या एका वाक्यामुळे नंतर पोरांना खेळताना चोरून खेळावं लागतं आणि मशीन कमी पडलं की मोकळेपणी सांगताही येत नाही. लेक आठवडाभर ते पान वहीत दडवून बसली होती, ते यामुळेच.

आता तुमचं जे बरोबर आहे तेही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. प्रत्येक जुनी पेटी वाचवण्यासारखी नसते. डीडीआर३ रॅमचं फार जुनं मशीन असेल तर त्यात मोठं कार्ड घालणं म्हणजे खरोखरच पैसे पाण्यात. तिथे एसएसडी टाका, कागदपत्रांच्या कामाला वापरा आणि गेमिंगसाठी पैसे साठवा. लॅपटॉप असेल तर ग्राफिक्स कार्ड सहसा बदलताच येत नाही, रॅम आणि एसएसडीपर्यंतच मजल. बजेट आठ-दहा हजारच असेल तर सगळं थोडं थोडं करू नका, जे सगळ्यात जास्त अडतंय तेवढंच करा. आणि खेळण्याला वेळेची मर्यादा हवी, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे साडेअकराला बंद. तो नियम तिनंच केलाय.

आणखी एक गोष्ट. आम्ही ही खरेदी दिवाळीच्या आसपास केली म्हणून वाचलो. त्यानंतर रॅमचे भाव असे चढले की नवी रॅम दुपटीच्याही वर गेली. कारण आपल्या हातातलं नाही. एआयच्या प्रचंड डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि जगात ती बनवणारे मोठे कारखानदार म्हणजे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तिघंच. त्यातल्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आज जो तुम्हाला "जुना डबा फेका" सांगतोय, तो तुमची चालू रॅम फेकायला लावून दुप्पट भावानं दुसरी विकतोय. ज्यांच्या घरी डीडीआर४ ची मशीनं पडून आहेत त्यांनी ती भंगारवाल्याला किलोवर घालण्याआधी एकदा विचार करा.

आणि आपलं इंदूर! २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतो आपण. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला वेगळा, सुका वेगळा, सगळं शिस्तीत. भोपाळच्या पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. पण ज्या बोर्डात शिसं आणि काय काय भरलंय, तो चालू असताना फेकून द्यायला आपला हात अडखळत नाही. सगळ्यात चांगला कचरा तो, जो झालाच नाही.

माझ्या आजीकडे दरवर्षी कल्हईवाला यायचा. अंगणात भट्टी, नवसागराचा धूर, आणि काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं होऊन निघायचं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. वडिलांची सायकल चौदा वर्षं चालली, तिचे टायर, चेन, पेडल सगळं बदललं, सायकल तीच. याला तेव्हा कोणी कंजूषपणा म्हणत नव्हतं. महाराष्ट्रापासून लांब येऊन चार-चार पिढ्या आपली घरं उभी राहिली, ती दरबारी सनदांवर कमी आणि अशा हिशेबावर जास्त. आता मात्र काटकसर म्हटलं की आपल्याला लाज वाटते आणि हप्ता म्हटलं की प्रतिष्ठा.

शेवटचं एक सांगतो. आमचं जुनं कार्ड आणि प्रोसेसर देवासच्या एका मुलानं घेतलं. वडिलांना घेऊन बसनं आला होता. बारावीत असावा. त्याचं पहिलंच गेमिंग मशीन जुळतंय. लेकीनं त्याला दोन्ही चालवून दाखवलं, पिना दाखवल्या, पेस्ट कशी लावायची ते सांगितलं. जाताना त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "भाईसाब, ये चलेगा नं तीन-चार साल?" मी म्हटलं, हलके गेम नक्की चालतील, जड नाही चालणार. ते म्हणाले, "बस, इतना ही चाहिए." ज्याला स्नेहमीलनात भंगार म्हटलं गेलं, त्याच्यावर देवासमध्ये एक पोरगा आज रात्री पहिल्यांदा खेळत असेल.

तर काका, रविवारी सकाळी घरी या. पोहे-जलेबी माझ्याकडून. मेहुण्यालाही फोनवर घेऊ. लेक पेटीची काच उघडून दाखवेल काय कुठे बसलंय ते. दिवे तेवढे अजून सात रंगांचेच आहेत, ते माझ्या २०२३च्या शहाणपणाची आठवण म्हणून आम्ही मुद्दाम ठेवलेत. आणि समूहात ज्यांच्या घरी अशी जुनी पेटी आहे त्यांनी खाली बोर्डाचं नाव, प्रोसेसर आणि बजेट लिहा. लेक म्हणतेय, ती एकेकाला उत्तर देईल. साडेअकराच्या आत.